वशिल्याचं गाणं

गाण्याच्या ॲपमध्ये प्रत्येक गाण्याशेजारी तीन टिंबं असतात. ती दाबली की एक यादी उघडते आणि तिच्यात दोन ओळी हमखास सापडतात: 'प्ले नेक्स्ट' आणि 'ॲड टू क्यू'. दोन्ही दिसायला सोज्वळ. पण जरा निरखून पाहा. दुसरी ओळ म्हणजे 'टोकन घ्या, बाकावर बसा, नाव पुकारलं की या' असं सांगणारी खिडकी. आणि पहिली म्हणजे 'साहेब आत आहेत, तुम्ही या मागच्या दाराने' म्हणणारा शिपाई. सरळ रांग आणि वशिला या दोन्ही सोयी एकाच भिंतीवर, उघडपणे आणि चहापाणी न घेता देणारं कार्यालय आपल्याकडे आजवर झालं नव्हतं. ते सॉफ्टवेअरवाल्यांनी करून दाखवलं.

आता अशा कार्यालयात बाकावर बसणार कोण? 'ॲड टू क्यू' दाबणारी माणसं मी पाहिली आहेत. ती फार थोडी आहेत, आणि ती बँकेत पेनसुद्धा घरून घेऊन जातात. बाकी आपण सगळे 'प्ले नेक्स्ट'वाले.

पण वशिला सगळ्यांना मिळाला की तो कुणालाच मिळत नाही. समजा, चालू गाणं संपायला दोन मिनिटं आहेत. तेवढ्यात तुम्ही लताबाईंचं एक गाणं 'प्ले नेक्स्ट' केलं. मग किशोरकुमार आठवला, त्यालाही 'प्ले नेक्स्ट'. मग सुधीर फडके. बऱ्याच प्लेअरांत आता बाबूजी पहिले, किशोर दुसरा आणि सर्वांच्या आधी येऊन उभ्या राहिलेल्या लताबाई तिसऱ्या. चिठ्ठी सगळ्यांकडे आहे, पण साहेबांच्या टेबलावर जी सर्वांत वर पडली ती खरी. संगणक शिकवणारे यालाच 'स्टॅक' म्हणतात, म्हणजे थप्पी: शेवटी आलेला आधी सुटतो. 'क्यू' त्याच्या बरोबर उलट: आधी आलेला आधी. या दोहोंतला फरक पहिल्याच वर्षी शिकवतात आणि परीक्षेत विचारतातही. तो लिहून पास झालेली मुलंच पुढे नोकरीला लागतात आणि एकाच यादीत एक क्यू आणि एक थप्पी शेजारी ठेवून वर दोन्हीला मिळून 'क्यू' असं नाव देतात.

बरं, 'नेक्स्ट' म्हणजे काय यावरही त्यांचं आपापसात एकमत नाही. एका प्लेअरमध्ये तो थप्पीसारखा चालतो, दुसऱ्यात दिलेल्या क्रमाने. तिसऱ्यात तर 'ॲड टू क्यू' हाच वशिला निघतो. म्हणजे असं, की तुम्ही दहा गाण्यांचा अल्बम लावला आहे आणि तिसरं गाणं चालू आहे. तुम्ही भिडस्तपणे बाहेरचं एक गाणं 'ॲड टू क्यू' केलं; कल्पना ही, की अल्बम संपला की वाजेल बिचारं. छे! ते तिसऱ्यानंतर लगेच वाजतं. कारण त्या ॲपच्या मते तुम्ही हाताने लावलेली गाणी हीच रांग, आणि अल्बममधली उरलेली सात ही नुसती पार्श्वभूमी. चौथ्या गाण्याला तेव्हा पहिल्यांदा कळतं की आपण रांगेत नव्हतोच, आपण फक्त उभे होतो.

'ॲड टू क्यू'वाले आणि 'प्ले नेक्स्ट'वाले या दोघांच्याही वर एक तिसरा प्रकार असतो. तो टिंबांच्या वाटेला जातच नाही. गाणं दिसलं की थेट त्यावर बोट ठेवतो. याचा अर्थ 'आत्ताच्या आत्ता', आणि अनेक ठिकाणी 'बाकीच्यांना घालवून द्या' असाही. तुम्ही अर्धा तास खपून लावलेली चाळीस गाणी एका टिचकीत साफ. एखादं सभ्य ॲप विचारतं तरी, की आधीची रांग ठेवू का पुसू? पण हा प्रश्न ज्याने रांग लावली त्याला विचारलेला नसतो, ज्याने ती मोडली त्याला विचारलेला असतो. तो 'पुसा' म्हणतो. त्याला प्रश्नच समजलेला नसतो, त्याला समोरची चौकट घालवायची असते.

ही जुनी दुखणी आहेत. १९९७ साली विनॅम्प हा प्लेअर आला. हॉस्टेलच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि त्याच्याभोवती सहा जण, असे ते दिवस. फाइलवर उजवी टिचकी दिली की 'प्ले इन विनॅम्प' आणि 'एन्क्यू इन विनॅम्प' अशा दोन ओळी यायच्या, एकीखाली एक, मध्ये मुंगी जाईल एवढीच फट. खालच्या ओळीवर टिचकी पडली तर गाणं यादीच्या शेवटी जायचं. वरच्या ओळीवर पडली तर यादीच जायची आणि तिच्या जागी ते एकटं गाणं यायचं. उंदीर हातात धरलेल्याकडे बाकीचे पाच जण ज्या नजरेने बघायचे, तिचं वर्णन कौटुंबिक दिवाळी अंकात छापता येणार नाही.

शहाणी मुलं यादी सेव्ह करून ठेवायची. ती एम-थ्री-यू नावाच्या फाइलीत जायची. एकदा असाच एक मित्र दुसऱ्याच्या घरी पार्टीला जाताना ती फाइल फ्लॉपीवर घेऊन गेला. दोनशे गाणी एका फ्लॉपीवर मावली, याचा त्याला कोण आनंद! फ्लॉपीत जागा १.४४ एमबी, आणि साधारण प्रतीच्या एमपीथ्रीला मिनिटाला एक एमबी लागायचा. म्हणजे एका फ्लॉपीवर अंतरा सुरू होईपर्यंतचं एक गाणं मावलं असतं. त्या फाइलीत गाणी नसतातच, फक्त त्यांचे पत्ते असतात. तो पार्टीला दोनशे पत्ते घेऊन गेला आणि ते सगळे त्याच्याच घरचे निघाले.

पुढे ॲपलच्या आयट्यून्सने २००४ मध्ये या रांगेच्या खात्याला 'पार्टी शफल' असं नाव दिलं, मग 'आयट्यून्स डीजे' केलं, आणि २०१२ मध्ये ते मोडून 'अप नेक्स्ट' आणलं. नाव बदललं, पाटी बदलली, खिडकी तीच.

रेडिओच्या काळी हे झगडे नव्हते, कारण रांग आपल्या हातातच नव्हती. 'आपली आवड'ला पत्र टाकायचं आणि वाट बघायची. निवेदिका इतक्या गावांची आणि इतक्या माणसांची नावं वाचायची की गाणं लागेपर्यंत ते कुणी मागितलं होतं हे मागणाराही विसरायचा. वशिला एकच, पोस्टकार्डाचा. तो हिंदी गाण्यांच्या बाबतीत झुमरीतिलैयाच्या लोकांनी एवढा लावून धरला, की एका छोट्या गावाचं नाव अख्ख्या देशाला पाठ झालं. तिथले लोक आज असते तर दिवसभर 'प्ले नेक्स्ट' दाबत बसले असते, आणि त्यांच्या गावाचं नाव कुणालाही कळलं नसतं.

आता तर रांग सार्वजनिक झाली आहे. एकाच रांगेत प्रत्येकाने आपापल्या फोनवरून गाणी घालायची. मे महिन्यात आम्ही पुण्याहून गुहागरला निघालो, तेव्हा भाचीने गाडीत बसल्याबसल्या फर्मान काढलं, "सगळ्यांनी जॉइन व्हा." गाडी दाजींची, चालवायलाही दाजी. मागे ताई, आई आणि भाची, पुढे मी. आईने जॉइन व्हायला नकार दिला. "मी आलेच आहे ना गाडीत?" असा तिचा मुद्दा होता.

खंबाटकी घाटापर्यंत लोकशाही उत्तम चालली. ताईची भावगीतं, भाचीचं रॅप, माझं एखादं नाट्यपद. मग ताईच्या लक्षात आलं की आपल्या दोन गाण्यांच्या मध्ये रॅपचे तीन तुकडे येतायत. तिने तीन टिंबं शोधून काढली. भाचीला ती जन्मापासून माहीत होती. यानंतर गाडीत बाहेरून शांतता होती, पण रांगेत चेंगराचेंगरी चालली होती. दाजींचे हात स्टिअरिंगवर असल्याने त्यांना तोंडी अर्ज करावा लागत होता.

"अगं, माझं ते लाव ना."

"कोणतं बाबा?"

"तेच गं. पावसाचं."

"बाबा, पावसाची शेकड्यांनी गाणी आहेत."

"त्यातलं चांगलं."

मी काही बोललो नाही. उंब्रजला गाडी वळली तेव्हा शुद्ध कल्याणचं एक ध्वनिमुद्रण रांगेत लावलं. एकच नग. वशिला नाही, काही नाही, सरळ मार्गाने शेवटी उभा केला आणि त्याची पाळी येईपर्यंत खिडकीबाहेर ऊस बघत बसलो. पाळी आली. लांबी अठ्ठेचाळीस मिनिटं. रांगेचा कायदा माणशी एक नग एवढंच बघतो. नग केवढा आहे, हे बघत नाही.

"मामा, हे कधी संपणार?" पाटण ओलांडल्यावर भाचीने विचारलं.

"अगं, आत्ता कुठे बढत सुरू झालीय."

"मी स्किप करते."

"करू नकोस," दाजी म्हणाले. "रांगेत आहे ते." त्यांना शुद्ध कल्याण आवडत होता असं नाही. त्यांच्या पावसाच्या गाण्याचा अजून निकाल लागला नव्हता, म्हणून ते कायद्याच्या बाजूने होते.

कुंभार्ली घाटात रेंज गेली. द्रुत सुरू होता होता गवई तोंड उघडं ठेवून थांबले. रांगेतली एकोणीस गाणी पडद्यावर राखाडी होऊन बसली. चार फोन, चार वर्गण्या आणि वाजायला काही नाही. तेव्हा आईने पर्समधून आपला फोन काढला. त्यात हरिपाठ डाउनलोड केलेला होता, आमच्याच भाचीने मागच्या एकादशीला करून दिलेला. चिपळूण येईपर्यंत हरिपाठ झाला. जिच्याकडे स्वतःचा माल असतो, तिला रांगेत उभं राहावं लागत नाही.

शास्त्रीय संगीताचं आणि या रांगेचं मुळातच जमत नाही. कारण मैफलीत वशिला उलटा चालतो. जेवढा मोठा गवई, तेवढा उशिरा. पहिलं गायला मिळावं म्हणून कुणी खटपट करत नाही, केली तर ती शेवटी बसण्यासाठी. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेनजी वर्षानुवर्षं शेवटी गायले. त्यांना 'प्ले नेक्स्ट' करण्याची कुणाची छाती होती? आणि प्रत्येक मैफलीत भैरवी शेवटी. भैरवी झाली की मंडळी चपला शोधायला लागतात. आता शफलवर, म्हणजे क्रम पिसून वाजवण्यावर, टाकलेला प्लेअर सकाळी सात वाजता पहिली भैरवी लावतो. घरातले जुने कानसेन चहाचा कप हातात घेऊन नुसते बघत राहतात: संपलं? मग रात्रीचा बागेश्री सकाळच्या अंघोळीला, ललित जेवणानंतर. त्यातून काही अल्बमांत विलंबित आणि द्रुत असे दोन वेगळे तुकडे केलेले असतात. शफल त्यांची ताटातूट करतो. द्रुतात तानांचा पाऊस पडून गेल्यावर दीड तासाने तोच गवई त्याच रागाचा पहिला षड्ज लावतो, जणू मध्ये काही घडलंच नाही.

यापेक्षा रेकॉर्डवाले शहाणे. पूर्वी रेकॉर्ड चेंजर नावाचं यंत्र असे. पाचसहा रेकॉर्डी दांड्यावर चढवून ठेवायच्या. एक संपली की वरची खाली पडायची. मग तीन रेकॉर्डींचा संच असेल तर कंपन्या पहिल्या रेकॉर्डच्या एका अंगावर बाजू १ आणि दुसऱ्या अंगावर बाजू ६ छापत, दुसरीवर २ आणि ५, तिसरीवर ३ आणि ४. तिन्ही वाजल्या की सगळी चळत उचलून तशीच उलटी करायची, की ४, ५, ६ क्रमाने हजर. ज्याने हे योजलं त्याला संगणक माहीत नव्हता, पण ऐकणारा माणूस माहीत होता.

शफलची गंमत वेगळीच आहे. तो खरोखर अदमासपंचे चालला तर लोकांना तो लबाड वाटतो. बारा गाण्यांत चार आशाबाईंची असतील आणि पत्ते पिसावे तशी ती पिसली, तर त्यांतली निदान दोन तरी लागोपाठ येण्याची शक्यता जवळजवळ ७५ टक्के असते. मोजून बघा. पण ऐकणाऱ्याला दुसरं गाणं लागलं रे लागलं की वाटतं, आत कुणाचं तरी काहीतरी ठरलेलं आहे. या तक्रारी एवढ्या झाल्या की २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये 'स्मार्ट शफल' आणला; स्टीव्ह जॉब्जचं म्हणणं असं, की शफल जास्त यादृच्छिक वाटावा म्हणून आम्ही तो कमी यादृच्छिक केलाय. स्पॉटिफायनेही २०१४ मध्ये सांगितलं, की एकाच गायकाची गाणी लांब लांब पेरणारी नवी रीत आम्ही घातली आहे. म्हणजे सोडत निष्पक्ष वाटावी म्हणून सोडतीत हात घालावा लागला. आपल्याकडे हात आधी घालतात आणि निष्पक्ष वाटण्याचं मागाहून बघतात, एवढाच काय तो फरक. शेवटी २०२१ मध्ये अडेल या गायिकेनेच सांगितलं की आम्ही अल्बममधली गाणी काही विचाराने क्रमाने लावतो हो, ती अशी उधळू नका. तेव्हा कुठे स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं शफलचं मुख्य बटण बदललं. वशिला असावा तर असा.

आमच्या सोसायटीच्या गणपतीला मात्र अडेलचा उपयोग झाला नाही. गेल्या वर्षी सेक्रेटरींच्या फोनवरून आरत्या लावल्या होत्या. यादी अगदी शास्त्रशुद्ध, गणपतीपासून विठोबापर्यंत क्रमवार. पण सेक्रेटरी सकाळी फिरायला जाताना शफलवर गाणी ऐकतात, आणि ते छोटं बटण तसंच हिरवं राहिलं होतं. निरांजन पेटलं, घंटा हातात घेतली गेली, ब्ल्यूटूथचा 'टुंग' असा आवाज झाला आणि स्पीकरमधून मंत्रपुष्पांजली सुरू झाली. आता मंत्रपुष्पांजली लागली की मराठी माणसाचा हात आपोआप फुलांकडे जातो. तिथे विचाराला वाव नसतो. सत्तर माणसांनी ती उभ्याने ऐकली, अक्षता आणि फुलं वाहिली, प्रदक्षिणा घातली. दोन मुलं प्रसादाच्या ताटापर्यंत पोचलीसुद्धा. आणि मग पहिली आरती सुरू झाली. कुणी विचारेना, कुणी थांबवेना. पुन्हा टाळ्या. त्यानंतर देवीची, मग दत्ताची, मग काय सुचलं कोण जाणे, परत देवीची दुसरी. शेवटच्या आरतीनंतर सेक्रेटरी फोनकडे धावले, पण ॲप त्यांच्या पुढे. रांग रिकामी दिसली की त्याला करमत नाही. 'याच प्रकारचं आणखी' म्हणून ते स्वतःच्या मर्जीतली गाणी आत सोडतं. गणपतीच्या प्रकारचं आणखी म्हणजे काय, याचा त्याने विचार केला आणि स्थापनेच्या दिवशी, मूर्तीच्या डोळ्यांसमोर, ढोलताशासकट विसर्जनाचं गाणं लावलं.

समिती नेमली गेली. तिने यंदा आरत्या तोंडाने म्हणायच्या असा ठराव केला आहे. त्यातही कुणीतरी मधलं कडवं दोनदा म्हणतं, पण निदान बटण शोधावं लागत नाही.

लिनक्सवाल्यांचा एमपीडी नावाचा एक प्लेअर आहे, २००३ पासूनचा. त्यात 'कन्झ्यूम' नावाची एक सोय आहे: गाणं वाजून संपलं की ते रांगेतून कायमचं निघून जातं. काम झालं, फाइल बंद. हे मला फार आवडतं. बाकीचे प्लेअर वाजलेली गाणी मागे जपून ठेवतात आणि चुकून 'रिपीट' लागलं असेल तर पहाटे तीन वाजता पुन्हा पहिल्यापासून सुनावणी घेतात. एमपीडी चालवण्याच्या काही प्रोग्रॅमांत आणखी एक 'क्रॉप' म्हणून आज्ञा मिळते, ती दिली की चालू गाणं तेवढं राहतं, बाकी सगळी रांग घरी. ही आज्ञा आमच्या ताईला कळू नये अशी माझी इच्छा आहे.

एवढ्या सगळ्या बटणांत आईला हवी असलेली एकच गोष्ट सापडत नाही. रविवारी सकाळी पोळ्या लाटताना तिला गाणं हवं असतं. मग कुकर लावायचा असतो, दाराशी भाजीवाली आलेली असते. ती आतून ओरडते, "एवढं झालं की बंद कर रे." चालू गाणं अर्ध्यात तोडायचं नाही, पुढचं सुरू करायचं नाही. विनॅम्पमध्ये यासाठी कंट्रोल-व्ही दाबलं की भागायचं. फोनवरच्या ॲपमध्ये मी ते वर शोधलं, खाली शोधलं, टिंबांच्या आतल्या टिंबांत शोधलं. ते 'स्लीप टायमर'मध्ये होतं, 'एंड ऑफ ट्रॅक' अशा नावाने. गाणं थांबावं असं ज्याला वाटतं तो माणूस झोपायलाच निघालेला असणार, अशी कंपनीची समजूत. तेव्हा आता दर रविवारी सकाळी अकरा वाजता, पोळपाट धुवून ठेवायच्या वेळेला, मी आईसाठी झोपेचा गजर लावतो. फोनवर छोटीशी चंद्रकोर येते. आई तोवर भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून भांडत असते.